डायलिसिस आजच की उद्या? अचानक बिघडलेल्या किडनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शेतीची कामं सुरू झाली की माझ्या फोनवर रक्ताच्या रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. गोव्यातले पेडणे, सत्तरी, फोंडा, काणकोण. कुणाचा मामा, कुणाची जाऊ. फोटोखाली बहुतेकदा एकच ओळ असते: ‘दोतोर, डायलिसिस करचें पडटलें?’ मी किडनीचा डॉक्टर आहे आणि या ओळीला एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती अचानक बिघडलेल्या किडनीपुरती आहे. तुमच्या रुग्णाचे डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. त्यांच्यासमोर माणूस आहे, माझ्यासमोर फक्त फोटो.

१. बाबांची किडनी मागच्या आठवड्यापर्यंत ठणठणीत होती. मग आता हा ‘एकेआय’ कुठून आला?

एकेआय म्हणजे अक्यूट किडनी इन्ज्युरी, काही तासांत किंवा दिवसांत किडनीचं काम मंदावणं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो पदार्थ) ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा लघवी सलग सहा तास दर किलो वजनामागे तासाला ०.५ मिलीपेक्षा कमी झाली, तर त्याला एकेआय म्हणतात. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये ठरवलेली हीच व्याख्या आजही वापरली जाते. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. क्रिएटिनिन तिप्पट झालं किंवा ४ च्या वर गेलं की तिसरी.

आपल्याकडे कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), डेंग्यू, मलेरिया आणि सर्पदंश. वर्षभर जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मोठं ऑपरेशन. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते कारण म्हणजे तापात, पोटात पेजेचा घोटही नसताना घेतलेली अंगदुखीची गोळी. डायक्लोफेनॅकची पट्टी फार्मसीत सहज मिळते आणि घरात कुणी तिला औषध समजतही नाही.

बहुतेक एकेआय डायलिसिसपर्यंत जात नाही. कारण सापडलं, पाण्याचं प्रमाण सावरलं, त्रासदायक औषधं थांबवली की किडनी पुन्हा कामाला लागते.

२. क्रिएटिनिन ६ झालंय आणि डॉक्टर म्हणतात थांबू. नेमकं किती झालं की डायलिसिस करतात?

असा आकडा नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त निराश करणारं उत्तरही हेच.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. ते स्वतः विषारी नाही; किडनी किती गाळते आहे याचा अंदाज देण्यापुरता त्याचा उपयोग. तोही उशिरा मिळणारा अंदाज, कालच्या वर्तमानपत्रासारखा. किडनी आज पूर्ण थांबली तरी आकडा रोज साधारण एक-दीडनेच चढतो. उलट किडनी सावरायला लागली तरी एक-दोन दिवस आकडा वरच जात राहतो, फक्त चढ कमी होतो. काल ५.१, आज ५.९, उद्या ६.१ हा क्रम मला कालचा ३ आणि आजचा ४.८ यापेक्षा बरा वाटतो.

त्यात माणूसही बघावा लागतो. चिरे उचलणाऱ्या तिशीतल्या गवंड्याचं ६ आणि ४२ किलोच्या आजीचं ३ यांत आजीची किडनी जास्त बिघडलेली असू शकते, कारण तिच्या अंगावर स्नायूच नाहीत. शिवाय पाच-सहा लिटर सलाइन गेलेल्या रुग्णाचं क्रिएटिनिन पातळ होऊन खोटं कमी दिसतं.

३. मग डॉक्टर ठरवतात तरी कशावरून?

क्रिएटिनिनमुळे माणूस दगावत नाही. ज्याने दगावतो त्या गोष्टी आम्ही बघतो.

पहिली पोटॅशियम: ते ६ च्या वर आहे, ईसीजीत बदल दिसतात आणि औषधांनी उतरत नाही किंवा उतरून पुन्हा चढतं (प्रश्न ४). दुसरी रक्तातलं आम्ल: पीएच ७.१५ च्या खाली गेला आणि उपचारांनी सुधारत नाही. तिसरी पाणी: फुप्फुसं भरली आहेत, रुग्ण बसल्याशिवाय श्वास घेऊ शकत नाही आणि लघवीच्या इंजेक्शनाला किडनी दाद देत नाही. चौथी म्हणजे साठलेल्या टाकाऊ द्रव्यांचा थेट परिणाम: गुंगी, भ्रम, झटके, हृदयाच्या आवरणाला सूज, थांबत नसलेला रक्तस्राव. पाचवी, डायलिसिसने काढता येणारं विष (प्रश्न १६).

यातली एकही पक्की असेल तर वाट बघण्याचा प्रश्नच उरत नाही, रात्रीचे तीन वाजलेले असोत की चवथीचा दिवस असो. खरा वाद आहे तो यातलं काहीच नसताना, नुसता आकडा चढत असताना काय करायचं याचा. त्याचं उत्तर प्रश्न ५ आणि ६ मध्ये.

४. पोटॅशियम ६.८ होतं, इंजेक्शनं देऊन ५.६ वर आणलं. आता डायलिसिस कशाला?

कारण ते पोटॅशियम शरीरातून बाहेर गेलेलं नाही, फक्त लपलं आहे.

कॅल्शियमचं इंजेक्शन हृदयाला काही मिनिटांत संरक्षण देतं, पण ते अर्धा-एक तासच टिकतं, आणि त्याने पोटॅशियमचा आकडा बदलतही नाही. इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतात. चार ते सहा तासांत ते परत बाहेर येऊ लागतं. अस्थमाच्या औषधाची वाफही हेच काम करते. शरीराबाहेर काढण्याचे मार्ग मोजकेच आहेत: लघवी, थोडंफार शौचावाटे, नाहीतर मशीन. लघवी चांगली होत असेल तर ५.६ वर मी निवांत थांबेन. लघवीची पिशवी रिकामी असेल तर हे सहा तास मानेत किंवा जांघेत नळी घालून मशीन लावण्याच्या तयारीसाठीच मिळाले आहेत असं धरायचं.

दोन गोष्टी अजून. रक्त काढताना किंवा वाहून नेताना लालपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. ईसीजी साफ असेल आणि रुग्ण मजेत असेल तर नमुना पुन्हा पाठवतात. आणि कृपा करून रुग्णाला शहाळ्याचं पाणी देऊ नका. ‘किडनी साफ होईल’ म्हणून प्रेमाने पाजलेलं शहाळं म्हणजे पोटॅशियमचा भरलेला पेला. वॉर्डात पिशवीतून शहाळी आणणारे नातेवाईक दर पावसाळ्यात भेटतात.

५. लवकर डायलिसिस केलं तर किडनीला विश्रांती मिळून ती लवकर बरी होणार नाही का?

तर्क सरळ वाटतो आणि डॉक्टरांनाही तो अनेक वर्षं पटत होता. नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये पहिलं मशीन माणसावर वापरलं आणि १९४५ मध्ये त्यावर पहिली रुग्ण वाचली. तिचीही किडनी अचानकच बंद पडली होती. तेव्हा डायलिसिस म्हणजे अखेरचा उपाय. पुढे मशीनं सुधारली तशी ‘वाट कशाला बघायची’ ही विचारसरणी जोर धरू लागली.

तिची नीट परीक्षा २०१६ नंतर झाली. त्या वर्षी जर्मनीतल्या एका केंद्रातल्या २३१ रुग्णांच्या ‘एलेन’ चाचणीत लवकर सुरू केलेल्यांत मृत्यू कमी दिसले. पण ते एकच केंद्र होतं आणि बहुतेक रुग्ण ऑपरेशन, त्यातही हृदयाच्या ऑपरेशननंतरचे होते. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ३१ आयसीयूंमधल्या ६२० रुग्णांच्या ‘अकिकी’ चाचणीत काहीच फरक निघाला नाही: साठ दिवसांत लवकरच्या गटात ४८.५ टक्के आणि थांबलेल्या गटात ४९.७ टक्के मृत्यू. महत्त्वाचं पुढेच आहे. थांबलेल्या गटातल्या ४९ टक्के रुग्णांना डायलिसिस कधी लागलंच नाही. लवकरच्या गटात नळीतून रक्तात शिरलेला जंतुसंसर्ग मात्र दुप्पट होता, ५ च्या जागी १० टक्के. २०१८ मध्ये जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेल्या ४८८ रुग्णांवरची ‘आयडियल-आयसीयू’ चाचणी फायदा दिसत नाही म्हणून मधेच थांबवली गेली. २०२० मध्ये १५ देशांतल्या जवळपास तीन हजार रुग्णांची ‘स्टार्ट-एकेआय’ आली: नव्वद दिवसांत मृत्यू ४३.९ आणि ४३.७ टक्के. जे वाचले त्यांच्यापैकी नव्वदाव्या दिवशीही मशीनवर असणारे लवकरच्या गटात १०.४ टक्के, थांबलेल्या गटात ६ टक्के.

विश्रांती मिळायची ती किडनी उलट मशीनवर अडकलेली दिसली. कारण समजण्यासारखं आहे. मशीनवर रक्तदाब पडतो, आणि जखमी किडनीला रक्तदाब पडणं म्हणजे आजारी माणसाला जिना चढायला लावणं. शिकत असताना मीही एकदा ७ चा आकडा बघून घाई केली होती. रुग्णाची लघवी त्याच सकाळी सुरू झाली होती. मशीनवर त्याचा रक्तदाब ७० वर आला आणि लघवी पुढचे पाच दिवस गायब झाली. तो बरा होऊन घरी गेला. पण ते पाच दिवस मी त्याच्यावर लादले होते.

एक खोच लक्षात ठेवा: या चाचण्यांत प्रश्न ३ मधली तातडीची कारणं असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. ‘थांबलं तरी चालतं’ हे फक्त तातडी नसलेल्यांपुरतं आहे.

६. म्हणजे थांबणंच बरं? मग कितीही थांबायचं का?

नाही. २०२१ मध्ये त्याच फ्रेंच मंडळींनी ‘अकिकी-२’ मध्ये हेही करून पाहिलं. ज्यांची लघवी ७२ तासांहून जास्त वेळ अगदी कमी होती किंवा युरिया (रक्तातलं आणखी एक टाकाऊ द्रव्य) बराच चढला होता अशा २७८ रुग्णांपैकी अर्ध्यांना लगेच मशीन लावलं, अर्ध्यांना आणखी थांबवलं. जास्त थांबून काही मिळालं नाही. साठ दिवसांतले मृत्यू ४४ विरुद्ध ५५ टक्के होते. बाकी घटक हिशोबात धरल्यावर जास्त थांबणाऱ्यांना धोका अधिक दिसला.

म्हणून माझी रीत अशी: तातडीचं कारण नसेल तर थांबतो, पण तीन दिवस लघवी जवळपास बंद असेल किंवा युरिया प्रश्न ७ मधल्या पातळीला गेला असेल तर आणखी ताणत नाही. आणि थांबणं याचा अर्थ घरी पाठवणं नव्हे. दर तासाला लघवी मोजणं, सहा-बारा तासांनी पोटॅशियम, रोज वजन, छातीला स्टेथोस्कोप. गावच्या राखणदारासारखं जागं राहायचं काम. ज्या ठिकाणी रात्री पोटॅशियम तपासायची सोय नाही तिथे थांबणं मला मान्य नाही. तिथून हलवा (प्रश्न १३).

७. इंटरनेटवर ‘११२ झालं की डायलिसिस’ असं वाचलं. काकांचा युरिया १६० आहे, तरी करत नाहीत!

हा घोटाळा दर महिन्याला होतो. परदेशी लेखांत बहुधा बीयूएन असतं, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. आपल्याकडच्या अनेक लॅब पूर्ण युरिया देतात. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. बीयूएन ११२ म्हणजे युरिया २४०. काकांचा १६० म्हणजे बीयूएन साधारण ७५. रिपोर्टवर कोणता शब्द छापला आहे ते आधी बघा.

युरिया किडनी सोडून इतर कारणांनीही चढतो: पोटात रक्तस्राव, स्टिरॉइड, शरीरात पाण्याची कमतरता. म्हणून तोही एकटा निर्णय देत नाही.

८. सकाळी म्हणाले गरज नाही, रात्री दोन वाजता सही घ्यायला आले. सकाळी खोटं बोलले का?

बहुधा नाही. सकाळी पोटॅशियम ५.४ आणि श्वास शांत असेल, रात्री ६.७ आणि छातीत पाणी असेल, तर दोन्ही वेळा ते खरंच बोलले. प्रश्न ६ मधली राखण चालू होती म्हणूनच रात्री दोनला कळलं.

तक्रार करायचीच असेल तर वेगळ्या गोष्टीची करा: सकाळी कुणी तुम्हाला ‘कशावर लक्ष ठेवतोय आणि काय झालं तर निर्णय बदलू’ हे सांगितलं होतं का? ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

९. लघवीचं इंजेक्शन देऊन बघतात, त्याने किडनी सुधारते का?

फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स, किडनी बरी करत नाही. शरीरात जास्तीचं पाणी असेल तर ते काढायला मदत करतं आणि किडनीत किती जीव उरलाय याची चाचणी म्हणूनही उपयोगी पडतं. पाण्याची कमतरता नसलेल्या रुग्णाला दर किलोला १ मिलिग्रॅम, आणि आधीपासून हे औषध घेणाऱ्याला दीड मिलिग्रॅम, एकदाच देऊन दोन तास लघवी मोजतात. २०० मिलीपेक्षा कमी आली तर किडनी आणखी बिघडण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मी लगेच मशीन लावत नाही, पण रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या जागी ठेवतो.

१०. भाच्याला लेप्टो झालाय. लघवी भरपूर होते, पोटॅशियमही कमीच आहे, तरी डॉक्टर डायलिसिसची घाई करतात. का?

कारण लेप्टो हा प्रश्न ५ ला असलेला अपवाद आहे, आणि गोव्यातल्या माणसाने तो पाठ करून ठेवावा.

लेप्टोची किडनी विचित्र वागते. लघवी चालू असते, पोटॅशियम कमी किंवा बेताचं असतं, आणि तरीही युरिया-क्रिएटिनिन झपाट्याने चढतात. लघवी दिसते म्हणून घरचे निश्चिंत राहतात. कावीळ झाली असेल, प्लेटलेट उतरले असतील आणि थुंकीत रक्त दिसलं तर फुप्फुसातल्या रक्तस्रावाची भीती असते. अशा रुग्णाला जास्त सलाइनही परवडत नाही.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये फक्त ३३ गंभीर लेप्टो रुग्णांची तुलना छापली. ज्यांना उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस मिळालं त्यांच्यातले ६६.७ टक्के दगावले. ज्यांना लगेच आणि रोज मिळालं त्यांच्यातले १६.७ टक्के. अभ्यास छोटा आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हे मान्य. तरी मोठ्या चाचण्यांतले रुग्ण बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आयसीयूंमधले आहेत, चिखलात उभं राहून लावणी करणारे नव्हेत. कावीळ आणि छातीची लक्षणं असलेल्या लेप्टोत मी घाईच्या बाजूचा आहे. समाधानाची गोष्ट ही की वाचलेल्या लेप्टो रुग्णांची किडनी बहुधा चांगली सावरते.

११. कुळागरात (सुपारीच्या बागेत) काम करताना घोणस चावली. सापाचं विष उतरवायचं औषध दिलंय, मग किडनी का बंद पडली?

घोणशीचं विष रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवतं आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतं. प्रतिविष, म्हणजे तुम्ही म्हणता ते औषध, रक्तात फिरत असलेल्या विषाला बांधतं. आधीच झालेली इजा ते पुसत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. पट्टी आवळत, मांत्रिकाकडे जात तास घालवले तर ते तास किडनीच्या खात्यातून जातात. पहिले एक-दोन दिवस सगळं ठीक वाटून तिसऱ्या दिवशी लघवी कमी होणं हेही बघायला मिळतं. दंशानंतर लघवीचा रंग आणि माप आठवडाभर बघत राहा.

डायलिसिस कधी, याचे नियम प्रश्न ३ चेच. इथली अडचण वेगळी: रक्त गोठत नसताना मानेत नळी कशी घालायची? वॉर्डात कोरड्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून ते गोठतं का पाहतात. गोठत नसेल आणि वेळ असेल तर आधी प्रतिविषाला काम करू देतात. वेळ नसेल तर सोनोग्राफीत बघत, दाबून धरता येईल अशा जागी, मानेत किंवा जांघेत नळी घालतात, हंसळीखाली नाही. मशीनवर रक्त गोठू न देणारं हेपॅरिन वापरत नाहीत.

पश्चिम घाटात हंपनोज पिट वायपर नावाचा छोटा तपकिरी सापही आहे. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. या पाचव्यावर ते चालत नाही. त्याने किडनी बिघडली तर डायलिसिसचा आधार हाच मुख्य उपाय. म्हणून जमलं तर लांबूनच सापाचा फोटो घ्या. मारून पिशवीत घालून आणू नका.

१२. एकदा डायलिसिस सुरू केलं की जन्मभर लागतं, खरं का?

अचानक बिघडलेल्या किडनीत बहुतेकांना नाही. ही भीती ज्यांनी शेजारच्या मधुमेही काकांना वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा मशीनवर जाताना पाहिलंय त्यांची असते. तो जुना, कायमचा आजार; हा वेगळा. इथे मशीन किडनी सावरेपर्यंतची सोबत आहे, कधी दोन फेऱ्यांची, कधी सहा आठवड्यांची. औषधाशिवाय दिवसाला ४०० मिलीहून जास्त लघवी होऊ लागली आणि दोन फेऱ्यांमध्ये क्रिएटिनिन आपोआप उतरू लागलं की थांबवून बघतो. नव्वद दिवसांनंतरही गरज राहिली तर मात्र ते कायमचं असण्याची शक्यता वाढते. वयस्कर, आधीच किडनी कमजोर असलेले आणि खूप दिवस शॉकमध्ये राहिलेले यांना हा धोका जास्त.

घरी गेल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासा. हे कुणीच करत नाही.

१३. आम्ही तालुक्याच्या इस्पितळात आहोत. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत), कधी न्यायचं?

मशीन लागण्याच्या आधी. पावसात करमल घाट ओलांडून किंवा वाळपईहून येताना पोटॅशियम ७ असलेलं कुणालाच नको असतं. लघवी बारा तास जवळपास बंद, पोटॅशियम ६ कडे, वाढता दम, गुंगी, कावीळ असलेला लेप्टो, किंवा घोणशीचा दंश: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हलवायचं बोला. १०८ ने न्या, स्वतःच्या गाडीने नाही. वाटेत मॉनिटर आणि ऑक्सिजन लागतो.

जवळच्या डायलिसिस केंद्रात मशीन आहे म्हणून तिथेच करा, असा आग्रह अनेकजण धरतात. ही केंद्रं ठरलेल्या दिवशी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या स्थिर रुग्णांसाठी असतात. अस्थिर माणसाला आयसीयू, रात्रीची लॅब आणि किडनीचा डॉक्टर हवा. गोमेकॉत किंवा तशी सोय असलेल्या खासगी इस्पितळात. खाजगीत जात असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड सोबत घ्या आणि काय बसतं ते दाखल होतानाच विचारा.

१४. रक्तदाब औषधांवर आहे. मशीनवर ठेवलं तर तो पडेल ना?

पडू शकतो, म्हणून पद्धत बदलतात. नेहमीचं चार तासांचं हिमोडायलिसिस जलद असतं. रक्तदाब नाजूक असेल तर तेच मशीन संथ चालवून सहा ते बारा तास घेतात. त्याला स्लेड म्हणतात. सीआरआरटी चोवीस तास चालतं आणि महाग आहे. त्याने रुग्ण जास्त वाचतात असं चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे स्लेड मिळालं तर आपल्या माणसाला कमी दर्जाचं मिळालं असं समजू नका. मेंदूला सूज असेल तिथे मात्र सीआरआरटीकडे कल असतो. युरिया फार चढलेला असेल तर पहिली फेरी मुद्दाम छोटी, दोन-अडीच तासांची ठेवतात. एकदम साफ केलं तर मेंदूत पाणी ओढलं जाऊन झटके येऊ शकतात.

१५. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगल्यात म्हणाले. तरी डायलिसिस?

इथे आधी तुंबलेलं मोकळं करायचं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना लघवीची नळी घातली की लिटरभर लघवी येते आणि क्रिएटिनिन ९ चं चार दिवसांत २ होतं, हे दृश्य मला अजून आवडतं. खड्यांनी दोन्ही बाजू अडल्या असतील तर आत स्टेंट किंवा पाठीतून नळी. पोटॅशियम किंवा दम यांमुळे भूलच देता येत नसेल तर एक फेरी डायलिसिस करून मग अडथळा काढतात. म्हणून एकेआयमध्ये सोनोग्राफी झालेली नसेल तर विचारा.

१६. किडनी फारशी बिघडलेली नसतानाही डायलिसिस करतात?

विषबाधेत करतात. भेसळीच्या दारूतलं मिथेनॉल, लिथियम, ॲस्पिरिनचा मोठा डोस. मिथेनॉलमध्ये दृष्टी धूसर होते आणि रक्तात आम्ल साठतं. क्रिएटिनिन सामान्य असलं तरी मशीन डोळे आणि जीव वाचवतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी जुलाब-उलट्यांतही चालू ठेवली आणि किडनी बसली तर रक्तात लॅक्टेट नावाचं आम्ल साठतं. ते २० च्या वर किंवा पीएच ७ पर्यंत उतरला तर डायलिसिस करावं असं विषतज्ज्ञांचं मत आहे. पोट बिघडलेल्या दिवशी मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांना फोन करा.

१७. आजी ८६ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. नको म्हटलं तर आम्ही तिला मारतोय का?

नाही. डायलिसिस किडनीचं काम करतं. झिजलेलं हृदय, मेंदू, कर्करोग यांचं नाही. मधला एक मार्ग आहे, ठराविक दिवसांची चाचणी: तीन किंवा पाच दिवस, अमुक इतक्या फेऱ्या, मग सगळ्यांनी एकत्र बसून बघायचं. शुद्ध येतेय का, रक्तदाबाचं औषध कमी झालं का? सुधारणा नसेल तर थांबवायचं, हे आधीच बोलून ठेवायचं. आणि नकोच म्हटलं तरी दम, मळमळ, अस्वस्थता यांवर औषधं असतात. तीही मागून घ्या. मुंबई-पुण्याहून शेवटच्या दिवशी आलेल्या मुलाने सगळा निर्णय उलटवणं फार वेळा होतं. त्याला पहिल्याच दिवशी फोनवर घ्या.

१८. आधीपासून क्रिएटिनिन ३ होतं, तापात ६ झालं. हे अचानकचं की जुनं?

दोन्ही. तातडीची कारणं तीच (प्रश्न ३), पण राखीव ताकद कमी असल्याने मशीन लवकर लागतं आणि सुटणं कठीण जातं. जुने रिपोर्ट आणा, अगदी पाच वर्षांपूर्वीचे; त्यावरून आम्हाला कळतं परत कुठवर यायचं आहे. जुन्या आजारात मशीन कधी सुरू करावं हा स्वतंत्र विषय आहे. त्याचे नियम इथे लावू नका आणि इथले तिथे लावू नका.

१९. मधुमेहासाठी बिंबलांचा (बिलिंबी या आंबट फळाचा) रस घेत होतो. त्याचा किडनीशी काय संबंध?

परसातली बिंबलं आमटीत दोन-चार घातली तर काही होत नाही. पेलाभर रस उपाशीपोटी प्यायला तर त्यातलं ऑक्झॅलेट किडनीत खडूसारखं साठून ती अचानक बंद पडू शकते. २०१३ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी अशा दहा रुग्णांची नोंद केली. त्यातल्या सात जणांना डायलिसिस लागलं. आणि करमलाचं (स्टारफ्रूटचं) वेगळंच आहे. किडनी आधीच बिघडलेल्या माणसाने ते खाल्लं तर त्यातलं विष मेंदूपर्यंत पोचतं: न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग झटके. तिथे डायलिसिस लगेच, क्रिएटिनिन कितीही असो. केस-पेपर लिहिताना कुणी आपणहून फळांबद्दल विचारत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा.